टोपलीभर माती आणि चटईक्षेत्र : कार्यालयीन मनोऱ्याच्या वाङ्मयीन वाचनाविषयी

मराठी समीक्षेत ‘महानगरी साहित्य’ ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की तिच्या कक्षेत काय येते याबद्दल सहसा वाद होत नाही. मर्ढेकरांची कविता, नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), भाऊ पाध्ये यांच्या कादंबऱ्या, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२), अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ (१९७२) ही तिची ठरलेली स्थानके. त्यांवरून जाताना गर्दी, वेग, एकाकीपण, यंत्र, सत्ताकारण अशी आशयसूत्रे नोंदवली जातात, आणि उंच इमारत येते ती या सर्वांच्या मागचा पडदा म्हणून. इमारत उंच आहे आणि माणूस खुजा आहे, एवढे सांगून समीक्षा पुढे सरकते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की कार्यालयीन मनोरा उंचीच्या अंगाने वाचला तर हाती फार थोडे लागते. मनोरा हा मुळात जमिनीचा व्यवहार आहे. म्हणून ज्या लेखनाने मातीकडे पाहिले त्याने मनोऱ्याचा अर्थ अधिक नेमका सांगितला आहे, मग त्या लेखनात मनोरा असो वा नसो. हे मान्य केले तर ‘ग्रामीण’ आणि ‘महानगरी’ या दोन कप्प्यांमधली भिंत निदान या एका ठिकाणी टिकत नाही.

हा विचार रायपूरच्या पंडरी भागातून मांडला जात आहे, हे केवळ योगायोगाचे नाही. पंडरीत गगनचुंबी म्हणावे असे काही नाही. तेथे कापडाचा मोठा बाजार आहे. गादीवर बसून व्यवहार करणारे व्यापारी आहेत, आणि जवळच वर्षानुवर्षे बसस्थानक होते, ते २०२१ साली भाटागावला हलले. काचेचे दर्शनी भाग लावलेली व्यापारी संकुले आणि तळमजल्यावरील गादी एकाच रस्त्यावर नांदताना दिसतात. एके काळी मुंबईच्या गिरण्यांचे कापड देशभरच्या अशाच बाजारपेठांत जात असे. त्या गिरण्यांच्या जागी आज कार्यालये उभी आहेत. तेव्हा पंडरीतून मुंबईच्या मनोऱ्याकडे पाहणे म्हणजे कापडाच्या दुसऱ्या टोकाकडून पाहणे होय.

मराठी वाचकाला ‘पंडरी’ या नावात आणखी काही ऐकू येते. व्युत्पत्तीचा दावा येथे नाही, केवळ ध्वनिसाम्याचा लाभ घ्यावयाचा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात गावच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग येतात : पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. ही जोडी आपल्या भाषेने शतकानुशतके सांभाळली. आधुनिक महसुली भाषेने ती मोडली आणि तिच्या जागी ‘शेती’ व ‘बिनशेती’ हे शब्द आणले. पांढरीला स्वतःचे नाव होते, रंग होता. बिनशेतीला नाव नाही. ती शेतीचा नकार म्हणूनच ओळखली जाते. शहर वाढते तेव्हा कागदावर प्रथम घडते ते एवढेच, काळीतून नकार निर्माण होतो.

दुसरा शब्द ‘चटईक्षेत्र’. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा चटईक्षेत्र निर्देशांक हाच मुंबईतील मनोऱ्याचा खरा शिल्पकार आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई बेटासाठी तो १.३३ ठेवला, आणि त्याच नियमावलीने ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ ही कल्पना आणली. एका जमिनीवर बांधण्याचा हक्क त्या जमिनीपासून सुटा करून दुसरीकडे नेता येऊ लागला. ज्या इमारतीत कोणी चटई अंथरून बसत नाही तिचे माप चटईच्या नावाने घ्यावे, यात मराठी परिभाषाकारांनी नकळत एक मोठा विनोद करून ठेवला आहे. ‘मजला’ हा शब्दही असाच पाहण्याजोगा. ‘मजल दरमजल’ मधली मजल आणि इमारतीचा मजला हे एकाच अरबी शब्दाचे दोन वंशज आहेत. एक आडवा चालत गेला, दुसरा उभा चढला.

मनोऱ्याचा जागतिक इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग (१८८५), तिचे वास्तुकार विल्यम ले बॅरन जेनी, एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दाखवलेला सुरक्षित पाळणा, हे टप्पे सर्वपरिचित आहेत. लक्षात घ्यावयाचे ते हे की उद्वाहकाने मजल्यांची किंमत उलटी केली. पूर्वी जिना चढावा लागे म्हणून वरचे मजले स्वस्त असत, ते महाग झाले. लुई सलिव्हन याने १८९६ साली उंच कार्यालयीन इमारतीवर जो निबंध लिहिला तो ‘कार्यामागून आकार येतो’ या सूत्रासाठी उद्धृत केला जातो. पण निबंधाचा आरंभ सौंदर्याने होत नाही, भूमीच्या दराने होतो. जमिनीचा भाव वाढतो म्हणून मजले वाढतात, आणि मजले वाढले की जमिनीचा भाव पुन्हा वाढतो, हे चक्र त्याने गृहीत धरले आहे. सूत्र सर्वांनी उचलले, आरंभ मात्र वाचायचा राहिला. कॅरल विलिस यांनी १९९५ मध्ये त्या सूत्रातला शब्द बदलून आकार वित्तामागून येतो असे म्हटले, तेव्हा सलिव्हनचाच आरंभीचा विचार त्याच्याकडे परत आला, असे म्हणता येईल.

आता माधवराव सप्रे यांच्याकडे वळू. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली जन्मलेले, मातृभाषेने मराठी, लेखनाने हिंदी, आयुष्याचा मोठा काळ रायपुरात काढलेले हे संपादक. ‘दासबोधा’चा आणि टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांनी केला. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि १९०१ मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध केली. हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात तिचे नाव अग्रक्रमाने येते. तो वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. पहिलेपणाच्या भांडणात कथा वाचायची राहून जाते.

कथा छोटी आहे. जमीनदाराला आपल्या महालाचे आवार एका गरीब विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे असते. वकिलांना पैसे चारून, कोर्टाच्या मार्गाने तो झोपडीचा ताबा घेतो. विधवा निघून जाते. एके दिवशी ती टोपली घेऊन परत येते. नात जेवत नाही, आपल्याच घरच्या चुलीवरची भाकरी हवी म्हणते. म्हणून चूल घालायला झोपडीची टोपलीभर माती द्या, एवढेच तिचे मागणे. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच टोपली उचलायला हात लावण्याची विनंती करते. त्याला टोपली उचलत नाही. मग ती म्हणते ते साऱ्या कथेचे मर्म : एका टोपलीचा भार पेलत नाही, तर या झोपडीत पडलेल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलाल? जमीनदाराचे डोळे उघडतात, झोपडी परत मिळते.

शेवटचा पश्चात्ताप आज भाबडा वाटतो आणि तो तसा आहेही. परंतु कथेची खरी रचना पश्चात्तापावर उभी नाही, वजनावर उभी आहे. मालमत्ता ही सप्र्यांनी मनात नव्हे, हातात मोजली. जमीन कागदावर हलकी असते आणि टोपलीत जड. कागदाने जे घेता येते ते अंगाने उचलता येत नाही, या विसंगतीत कथेचे सारे नैतिक बळ आहे. लोककथेचा साचा आणि वसाहतकालीन न्यायालय यांची इतकी घट्ट गाठ त्या काळच्या भारतीय गद्यात क्वचितच दिसते.

आणि नेमके येथेच आधुनिक मनोरा या कथेला उत्तर देतो. तो माती उचलू शकतो. मुंबईत एखाद्या मनोऱ्याचा पाया खणताना निघणारी माती डंपरमधून रातोरात जाते. भराव टाकलेली जमीन पोकळ असेल तर खांब खाली खडकापर्यंत नेऊन भार तेथे टेकवला जातो. भार पेलण्याचा प्रश्न अभियांत्रिकीने सोडवला. शिवाय टोपली उचलायला ज्याला बोलवावे असा माणूसच उरला नाही. कंपनीला हात नसतात. विधवेचा युक्तिवाद फसला असे नव्हे. तो ज्याच्यापुढे करायचा तो श्रोता नाहीसा झाला. विसाव्या शतकातील आपल्या शहरी लेखनाचा पेच मला येथे दिसतो : टोपली कोणापुढे ठेवायची?

नरीमन पॉइंटचे उदाहरण घेऊ. मुंबईचा हा पहिला मनोरेबंद कार्यालयीन भाग समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर उभा आहे. तेथे कोणाची झोपडी नव्हती, शेत नव्हते, म्हणून तो निष्पाप आहे असे वाटण्याचा संभव असतो. पण १९२० च्या दशकात बॅकबे भरावाच्या योजनेतील गैरव्यवहार ज्यांनी चव्हाट्यावर आणला ते खुर्शेद फ्रामजी नरीमन. आणि पुढे ज्या टोकावर भराव पूर्ण होऊन मनोरे चढले त्या टोकालाच त्यांचे नाव लाभले. १९७४ साली तेथे पूर्ण झालेली एअर इंडियाची तेवीस मजली इमारत कित्येक वर्षे मुंबईची ओळख होती. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत ती आणि शेअर बाजाराची इमारत ही दोन्ही लक्ष्ये होती. मारणाऱ्यालाही शहराचा अर्थ मनोऱ्यातूनच कळला होता. २०१३ मध्ये विमान कंपनीने मुख्यालय दिल्लीला नेले, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १,६०१ कोटी रुपयांना ती इमारत घेण्याचा निर्णय केला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांचा काळ म्हणजे हे टोक भरत असतानाचा काळ. साधूंना सत्तेची बंद दालने अचूक दिसली. दालनाखालची जमीन मात्र त्यांच्या कथनाचे पात्र होत नाही, आणि मराठी राजकीय कादंबरीची ही मर्यादा पुढेही बराच काळ राहिली.

कार्यालयाच्या आतले जग ज्यांनी लिहिले त्यांच्यापैकी दोन लेखक या प्रदेशाशी बांधलेले आहेत. गजानन माधव मुक्तिबोध मातृभाषेने मराठी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत. गजानन माधव १९५८ पासून राजनांदगावला होते, ज्या गावातील कापड गिरणीत १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली संप झाला होता आणि जी गिरणी पुढे बंद पडली. त्यांच्या ‘समझौता’ या कथेत कार्यालय आहे ते लांब, अंधाऱ्या, दगडी मार्गिकेचे. वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या माणसाला एक गोष्ट सांगतो : नोकरी न मिळालेला एक सुशिक्षित सर्कशीत जातो, मारून मारून त्याला अस्वलाच्या कातड्यात घातले जाते, आणि मग पिंजऱ्यात सिंह येतो तेव्हा कळते की सिंहाच्या कातड्यातही माणूसच आहे. मेल्व्हिलच्या ‘बार्टलबी’ने (१८५३) वॉल स्ट्रीटवरच्या, खिडकीसमोर विटांची भिंत असलेल्या कचेरीत नकार दिला. मुक्तिबोधांच्या माणसाला नकाराचीही सोय नाही. त्याला तडजोड करायची आहे आणि ती तडजोड त्याला प्रेमाने समजावून सांगितली जाते. तुलना करणाऱ्याने दोहोंतील फरक मनोवृत्तीत शोधू नये. बार्टलबीचा मालक गोंधळलेला आहे, मुक्तिबोधांचा अधिकारी स्वतःच कातड्यात आहे. फरक व्यवस्थेच्या वयाचा आहे.

विनोद कुमार शुक्ल यांच्या ‘नौकर की कमीज़’ (१९७९) मध्ये कार्यालय लहान गावातले, जमिनीलगतचे. साहेबाला एका विशिष्ट मापाच्या सदऱ्यात बसेल असा नोकर हवा आहे, आणि तो सदरा कारकून संतूबाबूच्या अंगात नेमका बसतो. २०२४ च्या ज्ञानपीठाने गौरवलेल्या या लेखकाची ही पहिली कादंबरी कार्यालयाविषयीच्या भारतीय लेखनात मला सर्वांत वरची वाटते, कारण तिने श्रेणीचे वर्णन मजल्यांविना केले. मनोऱ्यात कोण कोणाच्या वर हे उद्वाहकाचे बटण सांगते. शुक्लांकडे ते कापड सांगते. मनोरा जे उभे करून दाखवतो ते त्याच्या आधीच, आडव्या इमारतीत, पूर्ण झालेले होते. उंची हे कारण नाही, नोंद आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. मनोऱ्याला केवळ जमिनीचा व्यवहार म्हणणे म्हणजे त्यातल्या कामाचे जीवन पुसून टाकणे नव्हे काय? रात्रपाळीचा पहारेकरी, सफाई कामगार, संगणकापुढे बारा तास बसणारी तरुणी, यांचे साहित्य कोठे ठेवायचे? आक्षेप रास्त आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांतील मराठी कवितेने हे जीवन बरेच टिपले आहे. माझे म्हणणे एवढेच की कामाचे जीवन आणि जमिनीचा व्यवहार यांना जोडणारा दुवा जेथे सापडतो तेथेच ते लेखन वर्णनापलीकडे जाते. हा दुवा मराठीत सर्वांत ठामपणे सापडला तो जयंत पवार यांना.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप विधिवत संपला नाही, गिरण्या संपल्या. सुमारे ६०० एकर जमीन मागे राहिली. १९९१ च्या नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे पुनर्विकासात या जमिनीचे वाटे होऊन त्यांतला एक मोकळ्या जागेसाठी, एक स्वस्त घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता जुन्या बांधकामाखेरीजच्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि शहराच्या वाट्याचा बहुतांश भाग कागदावरच आटला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. लोअर परळचे आजचे कार्यालयीन मनोरे या एका शब्दबदलावर उभे आहेत. सप्र्यांच्या जमीनदारालाही वकीलच लागले होते.

पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक गिरणगावातील एका चाळीच्या खोलीत घडते. गिरणी कामगाराचे कुटुंब, त्याची वाढलेली, न सावरलेली मुले, आणि सर्वांना धरून ठेवू पाहणारी आई. नाटकात मनोरा नाही. रंगमंचावर तो दिसत नाही. पण शीर्षकाकडे पाहावे. अधांतर म्हणजे ज्याखाली जमीन नाही ते. ज्या दशकात कायद्याने बांधकामाचा हक्क जमिनीपासून सुटा करून हवेत हलवण्याजोगा केला त्याच दशकात पवारांना माणसांसाठी हा शब्द सुचला. मला हा केवळ योगायोग वाटत नाही. हक्क हवेत गेला तेव्हा मनोरा झाला, माणूस हवेत गेला तेव्हा अधांतर झाला. त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१०) या संग्रहाच्या शीर्षकातही गिरणीचे नाव आणि दंतकथेतला पक्षी एकमेकांवर चढले आहेत. राखेतून उठला तो पक्षी वेगळाच, नाचणारा, पिसारा दाखवणारा. २०१२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने या संग्रहाची दखल घेतली. तरी पवारांचे वाचन आपण ‘संपोत्तर गिरणगाव’ या कोपऱ्यात बसवून ठेवले आहे. त्यांना सप्र्यांच्या शेजारी ठेवून वाचले तर दिसते की विधवेची टोपली पवारांकडे आली आहे आणि ती कोणापुढे ठेवायची हे त्यांच्या पात्रांना ठाऊक नाही. म्हणून ती एकमेकांच्याच डोक्यावर आपटली जाते. ‘अधांतर’मधील घरातली भांडणे मानसशास्त्रीय अंगाने वाचणाऱ्यांनी याचा विचार करावा.

शासकीय कार्यालयाची इमारत ही मनोऱ्याचीच एक जात. मुंबईचे सचिवालय १९५५ चे. १९७५ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी तेथे विष घेतले आणि त्यातच त्याचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात, वरच्या मजल्यांवरून कोणी उडी घेऊ नये म्हणून, मंत्रालयाच्या आतल्या चौकात जाळी बांधण्यात आली. २०२४ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षांनीच आदिवासी आमदारांसह निषेध म्हणून त्या जाळीवर उडी घेतली. शेतजमिनीचा प्रश्न आणि इमारतीचा मजला एकत्र आल्याचे याहून स्पष्ट चित्र कोणत्या कादंबरीत आहे? हे ‘ग्रामीण’ म्हणायचे की ‘महानगरी’?

रायपुरातही ही गोष्ट घडली आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले तेव्हा सचिवालय दाऊ कल्याण सिंह रुग्णालयाच्या इमारतीत थाटले गेले. २०१२ मध्ये ते नव्या रायपुरातील महानदी भवनात गेले, आणि जुनी इमारत पुन्हा रुग्णालय झाली. नवे शहर ज्या गावांच्या जमिनीवर वसले त्यांपैकी २७ गावांतील शेतकरी २०२२ मध्ये मोबदला आणि पुनर्वसनासाठी धरणे धरून बसले होते. छत्तीसगडच्या संगणकीय भूमिअभिलेखाला ‘भुइयां’ हे नाव आहे. छत्तीसगढीत जमिनीला तोच शब्द. महाराष्ट्राच्या ‘महाभूलेखा’पेक्षा तो माझ्या कानाला कितीतरी जवळचा वाटतो.

सप्र्यांच्या कथेचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्याला शीर्षकातल्या पहिल्याच नामाशी थांबावे लागते. ‘टोकरी’ला टोपली म्हणावे की पाटी? विधवेच्या हातात टोपलीच शोभते. पण छत्तीसगडमधून दरवर्षी असंख्य स्त्रीपुरुष बांधकामाच्या कामावर परराज्यांत जातात. तेथे ज्या भांड्यातून माती, रेती, खडी डोक्यावरून वाहिली जाते त्याला मराठीत घमेले म्हणतात. विधवेने टोपलीला हात लावायला मालकाला बोलावले होते. घमेले डोक्यावर चढवायला शेजारची बाई हात लावते, आणि दोघी पुढच्या खेपेला लागतात. अनुवादकाने टोपलीच ठेवावी, असे माझे मत. पण तळटीप द्यायची झाली तर ती घमेल्याची द्यावी.